मागचा डावा

त्या घरात रविवारी दुपारी शिंकायचीही चोरी होती.

दौंडला मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचे, ते काका रेल्वेत लोको पायलट. बहुतेक मालगाड्या ओढायचे, मधूनच एखादी पॅसेंजर. अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्याशी बोलले तरी काय बोलले ते मला माडीवर कळावं. रविवारी ड्युटी नसली की सकाळी काकूंबरोबर उपासनेला जायचे. काकू चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. घरी येऊन जेवणं झाली की काका उठायचे आणि घराचा एकेक आवाज मारायला लागायचे. फ्रिजची पिन काढायची. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ उतरवून आतल्या खोलीत उशीखाली. मी माडीवर कामगारांचं पत्रक लिहिता लिहिता चालत असले तर खालून हाक यायची, “पत्रकवाली, पाय थांबीव! न्हाईतर खाली येऊन बस.”

मी खाली येऊन बसायचे. मग काका वाकून बघायचे की हॉलमधल्या खुर्चीचे चारही पाय फरशीवरच्या खडूच्या खुणांवर आहेत की नाहीत. असले की बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, “वाफ सोडा.”

वाफ म्हणजे होम थिएटरमधला चाचणीचा आवाज. पाच स्पीकर असतात. रिमोटचं एक बटण दाबत गेलं की एकेकातून पाळीपाळीनं ‘श्शऽऽ’ असा सारखाच आवाज येतो. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. खुर्चीत बसणाऱ्याला पाचही सारखे ऐकू आले पाहिजेत. एखादा कमी वाटला तर त्याची लेव्हल चढवायची, जास्त वाटला तर उतरवायची. लोक हे सिस्टीम घरात आणली त्या दिवशी एकदा करतात आणि विसरून जातात. काका दर रविवारी करायचे. त्या आवाजाला वाफ त्यांनीच नाव दिलं होतं, कारण त्यांचे वडील वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन होते आणि त्या घरात कुठल्याही गोष्टीला इंजिनातलंच नाव मिळायचं. काकू रुसल्या की ‘आज प्रेशर धरलंय’.

लेव्हल लावायची पद्धतही इंजिनातलीच होती. इंजिनात दोघं असतात, पायलट आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं त्याच्याकडे हात करून मोठ्यानं रंग सांगायचा आणि दुसऱ्यानं तसाच हात करून तोच रंग पुन्हा सांगायचा. दोघांनी बघितलं याची खात्री. घरी असिस्टंट काकू. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर रिमोट घेऊन बसायच्या. आवाज सुरू झाला की त्या स्पीकरकडे हात करून म्हणायच्या, “पुढचा डावा, हिरवा!” आणि काका खुर्चीतून हात करून म्हणायचे, “पुढचा डावा, हिरवा!” हिरवा म्हणजे लेव्हल बरोबर. पिवळा म्हणजे थोडी कमी-जास्त. लाल म्हणजे ऐकूच येत नाही.

लाल त्या घरात कुणी म्हणत नसे. एकदा मी गंमत म्हणून म्हटलं. मधला स्पीकर चांगला सूं सूं करत होता आणि मी हात करून ओरडले, “मधला, लाल!” काका खुर्चीतून उठले. मला वाटलं हसतील.

“लाल म्हंजी खेळ हाय व्हय?” ते म्हणाले. “लाल म्हटलं की गाडी थांबली पायजे. मग ती कुणाची का असंना, किती का लेट असंना. एकदा लाल म्हटल्यावर पुढं काय करायचं हे ड्रायव्हरनं कुणाला इचारायचं नसतं. उठ. जा वर.”

मी वर गेले. चीड आली होती. मी रागावर पोसलेली मुलगी आहे. माझ्या वडिलांच्या संघटनेची जी पत्रकं वाटून उरायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि पाढे संपल्यावर कागद उलटून मागची बाजू वाचली. कुणी ‘उठ, जा’ म्हटलं की माझ्या डोक्यात मथळा तयार होतो. पण त्या दिवशी जिना चढता चढता मला वाटलं, हा माणूस ज्या शब्दाची किंमत ठेवतो, त्या शब्दाशी मी खेळले. वर जाऊन मी मथळा केला नाही.

आमचं जमायचं ते वेगळ्याच एका गोष्टीवरून. मी एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहायचे आणि काका ती वाचायचे, चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून. “काय पत्रकवाली, आज कुणाचा निषेध?” असं विचारून वाचायला घ्यायचे. एका रविवारी त्यांनी मला लेव्हलचं तत्त्व समजावलं होतं. “ह्यो पुढचा उजवा खुर्चीच्या जवळ हाय. ह्यो मागचा उजवा लांब. दोघांना सारखाच जोर दिला तर बरोबरी व्हती का? न्हाई व्हत. जवळ हाय त्यानं दमानं बोलायचं, लांब हाय त्याला जोर द्यायचा.” मी ते जसंच्या तसं पत्रकात घातलं. खाली छापलं, ‘एका रेल्वे कामगाराचं म्हणणं’. काकांनी ते पत्रक टीव्हीच्या काचेला चिकटवलं.

मग मी विचारलं, “पण काका, बरोबरी कुणाच्या खुर्चीतून मोजायची? काकू दाराशी बसतात. मागचा डावा त्यांच्या कानाशी फुत्कारतो.”

“चालवणाऱ्याच्या खुर्चीतनं,” काका म्हणाले. “चालवणाऱ्याला बरोबर ऐकू आलं तर समदी गाडी बरोबर.”

आणखी एक गोष्ट मला त्यांची फार आवडायची. समोरचा बोलत असला की ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मध्ये बोलायचे नाहीत, इकडेतिकडे बघायचे नाहीत. आमच्या सभांना असं ऐकणारे दहा मिळाले असते तर चळवळ कुठच्या कुठं गेली असती, असं मी काकूंना म्हणालेही होते. काकूंनी भाकरी उलटली आणि विषय बदलला.

न्हावऱ्याला काकांचे एक शाळासोबती होते. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. ऊस, कांदा, गायींचा गोठा, सोसायटीचं राजकारण आणि आता नवा बंगला, त्यात होम थिएटर. त्यांनी काकांना निरोप धाडला, “एवढा तज्ज्ञ दौंडात बसलाय आन् आमचं बोंबलतंय. येऊन लेव्हल लावून जा.” मला त्याच दिवशी न्हावऱ्यात कांदा काढणाऱ्या बायकांची बैठक घ्यायची होती. मी, काका आणि काकू शिरूरच्या एसटीनं निघालो.

बैठक आटपून मी बंगल्यावर पोचले तेव्हा काका सोफ्यावर मधोमध बसले होते. आप्पा, त्यांची सून आणि शेजारचे तिघंचौघं भिंतीला टेकून उभे. पंखा बंद, सगळे घामाघूम. काकू स्टुलावर, हातात रिमोट. त्या हात करत होत्या, काका हात करत होते. काका मागच्या डाव्यापाशी अडले होते.

“पिवळा. वर घे.”

काकूंनी वर घेतला.

“अजून.”

“आरं, डावा किती किंचाळतोय!” आप्पा म्हणाले. “माझ्या गोठ्यातली गाय बिथरंल.”

“तू जिथं उभा हाईस तिथनं किंचाळतोय. हितं बसून बघ.”

आप्पा शेजारी येऊन बसले. “हितनं तर जास्तच किंचाळतोय, लेका!”

लोक हसले. काका हसले नाहीत. “आयुष्यभर सोसायटीच्या मीटिंगा केल्यास. तुझं कान आरडाओरड्यानं बधिर झाल्यात.”

आप्पांच्या सुनेनं मोबाईल पुढं केला. “मामा, ह्याच्यात आवाज मोजायचं ॲप आहे. सोफ्यावर ठेवते. प्रत्येक स्पीकरचा आकडा दाखवतो, मग वादच नको.”

“मोबाईल लांब ने.”

“अहो पण नुसता ठेवायचा—”

“लांब ने म्हटलं ना!” काका उभे राहिले. त्यांचा आवाज इतका चढला की स्पीकरमधली वाफही त्याखाली दबली. “मशीन मोजतं. माणूस ऐकतो. मी सव्वाशे टनी इंजिनाचा बिघाड नुसत्या आवाजावरनं सांगितलाय, आन् ही पोर मला मोबाईल दावती!”

सुनेनं मोबाईल मागं घेतला. आप्पांचा चेहरा उतरला, कारण घरात, सुनेसमोर, कुणी पाहुणा असं कधी बोलला नव्हता. मी मोबाईलकडे बघत नव्हते. मी काकूंकडे बघत होते. त्यांनी रिमोट पदराखाली घेतला होता आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं मागच्या डाव्याची लेव्हल पुन्हा खाली आणत होत्या. मग त्या तिकडे हात करून म्हणाल्या, “मागचा डावा, हिरवा!”

काका मागं वळले, काकूंचा हात बघितला, आपला हात केला. “मागचा डावा, हिरवा,” ते म्हणाले आणि समाधानानं बसले. “आत्ता कसं जमलं!”

जोर कमी झाला होता आणि त्यांना जमल्यासारखं वाटलं होतं.

चहा न घेताच निघालो. आप्पांनी आग्रहही केला नाही. फाट्याकडे चालताना मी काकांच्या उजव्या बाजूला होते, काकू मागं. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागून आला. गाणी मोठ्यानं लावलेली, वर हॉर्न दाबून धरलेला. मी कडेला सरकले. काका सरकले नाहीत. ते मला सांगत होते की आप्पा शाळेतही असाच आडमुठा होता. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न सोडला आणि आईवरून शिवी दिली. काका तरी चालतच होते. मी त्यांचा दंड धरून ओढलं. ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसाचे शेंडे त्यांच्या डाव्या खांद्याला घासून गेले.

काकांनी माझा हात झटकला. “ऐकलं व्हतं मी!” ते ओरडले. “ऐकलं व्हतं! मला ओढायची गरज न्हवती!”

परतीची एसटी मिळाली. काका खिडकीशी बसले होते. नदीवरच्या पुलाचा खडखडाट सुरू झाला आणि मला एकाएकी सगळं एका ओळीत दिसलं. तोंडाकडे टक लावून बघणं, गल्लीभर ऐकू जाणारा आवाज, आणि लांबचा नसूनही रविवारमागून रविवार चढत गेलेला मागचा डावा. पूर्वी काका काकूंचं खोडून काढायचे, “हिरवा कसला? पिवळा! वर घे.” अलीकडे घरी खोडणं जवळजवळ बंद झालं होतं. ते फक्त काकूंचा हात बघायचे आणि तेच परत म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी काका ड्युटीवर गेल्यावर मी खाली उतरले. काकू मेथी निवडत होत्या.

“काकू, काकांना डाव्या कानानं ऐकू येत नाही.”

“हळू बोल.”

“का? त्यांना ऐकू जाईल म्हणून?”

काकूंनी मान वर केली. मी फार वाईट बोलले होते, पण शब्द मागं घ्यावेसे वाटले नाहीत. त्यांनी मेथीची काडी मोडली. “लय शहाणी हाईस. बस खाली.”

मी बसले.

“डावा कवाच गेला. उजवाबी उतरायला लागलाय. मागचं मेडिकल झालं तवा इतकं न्हवतं. पुढचं व्हईल तवा डॉक्टरांना कळंलच की.”

“आणि तोवर?”

“असिस्टंट असतो ना संगं. तरणं पोरगं हाय, कान तिखट हायेत त्याचं.”

“असिस्टंटला काय वाटत असेल? काका आहेत ना संगं.”

काकूंनी मेथीची जुडी पुढं ओढली.

“मागून गार्डनं वॉकीटॉकीवर ‘थांबवा’ म्हटलं आणि त्या पोराचं लक्ष दुसरीकडे असलं तर? पॅसेंजर असली की त्यात मी असते. तुमच्या चर्चमधल्या बायका असतात.”

“त्यांना माहीतच न्हाई गं किती गेलंय ते!” काकूंचा आवाज फुटला. “मी हात करते. त्यांना वाटतं, ऐकलं. दर रविवारी पास व्हत्यात आन् आठवडाभर बरं असत्यात. एकदा मी हात उशिरा केला, तर रात्री जेवलं न्हाईत. इंजिनावरनं उतरवल्यावर ह्या माणसाचं काय ऱ्हाईल, सांग मला. त्यांचा बाप इंजिनावरच गेला.”

तेव्हा मला कळलं की लेव्हल स्पीकरांची लागतच नव्हती. तो माणूस दर रविवारी स्वतःची परीक्षा घेत होता, आणि बायको त्याला हातानं उत्तर दाखवत होती.

मला काकूंची दया आली. पण दया आली म्हणून जे दिसतंय ते दिसत नाही असं म्हणायला मला कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणाले, “रविवारपर्यंत तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. लॉबीत जाऊन चुगली करणार नाही. त्यांच्या तोंडावर सांगेन. आमच्या घरात निनावी पत्रक कधी निघालं नाही.”

लॉबी म्हणजे स्टेशनातलं ते ऑफिस, जिथं ड्रायव्हर लोक ड्युटीवर चढताना आणि उतरताना हजेरी देतात.

काकू उठल्या. मेथीच्या काड्या झटकल्या. “तू हितं भाडेकरू हाईस,” त्या म्हणाल्या, “येवढं ध्यानात ठेव.”

तो आठवडा मी विसरणार नाही. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. स्टेशनाकडून इंजिनाचा भोंगा आला की हातातला पेन थांबायचा. पुण्याच्या गाडीत बसले तर पुढं इंजिनात कोण असेल याचा विचार यायचा, आणि डब्यात शेंगा सोलत बसलेल्या बायकांची, झोपलेल्या पोरांची तोंडं बघवायची नाहीत. मी काकांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. पत्रकासारखी व्हायची. खोडायचे. काका जिन्यात भेटले की नेहमीसारखे म्हणायचे, “आज कुणाचा निषेध?” आणि मी भरभर जिना चढून जायचे.

रविवार आला. उपासना झाली, जेवणं झाली. फ्रिजची पिन, पंखा, घड्याळ. मला हाक यायची वाट न बघता मी खाली येऊन भिंतीशी बसले होते. काकांनी खुर्चीचे पाय बघितले, बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. “वाफ सोडा.”

काकूंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. काहीच सांगत नव्हती ती नजर. मग त्यांनी बटण दाबलं.

आवाज आज वेगळा होता. पाचही स्पीकर मला बसल्या जागी नीट, सारखे, बेताचे वाटले. समोर बसून माणूस बोलतो तेवढे. काकूंनी काका अंघोळीला गेलेले असताना सगळ्या लेव्हल आपल्या कानानं लावून ठेवल्या होत्या.

“पुढचा डावा, हिरवा!” त्यांनी हात केला.

“पुढचा डावा, हिरवा!”

मधला झाला. पुढचा उजवा झाला. मागचा उजवा झाला. प्रत्येक वेळी काकूंचा हात, मग काकांचा हात.

मग मागचा डावा सुरू झाला. काकूंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून घेतली.

श्शऽऽ.

काका वाट बघत होते. मान किंचित पुढं, हात गुडघ्यांवर तयार. त्यांच्या मागं, हाताच्या अंतरावर, स्पीकर चालू होता. मला ओरडावंसं वाटलं, ‘मागचा डावा!’ आठवडाभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवत नव्हतं.

श्शऽऽ.

“सोड की पुढची,” काका म्हणाले.

काकूंनी रिमोट उचलला नाही.

“आगं, अडकलं का मशीन?”

“चालू हाय,” काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांच्या हातांकडे. ते हात मांडीवर होते आणि त्यांची नखं पांढरी पडली होती. मग काकांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीवरच्या खडूच्या खुणेवर डोळे रोवले, कारण माझी नजर जरी त्या स्पीकरकडे गेली असती तरी ती खूण झाली असती.

काका उठले. पुढच्या डाव्यापाशी गेले, त्याच्या जाळीवर तळहात ठेवला. मधल्यावर ठेवला. पुढच्या उजव्यावर. चालण्यात घाई नव्हती. गाडी उभी असताना खाली उतरून चाकं तपासत जावं तसे ते खोलीभर फिरले. मागच्या उजव्यावर हात ठेवला. मग मागच्या डाव्यावर ठेवला आणि तो तिथंच राहिला. जाळी त्यांच्या तळहाताखाली थरथरत असणार. बराच वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात त्यांनी सोडवले नाहीत.

काका परत येऊन खुर्चीत बसले. पाठ ताठ केली. उजवा हात उचलून, मागं न बघता, तो डाव्या खांद्यावरून मागं केला आणि सिग्नल सांगतात तसं, खणखणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मागचा डावा. लाल.”

दुसऱ्यानं परत सांगायचं असतं. काकूंना ते सांगता येईना. काका हात तसाच धरून थांबले. सांगितल्याशिवाय ते हात खाली घेणार नव्हते.

काकूंनी हात सोडवला, वर केला. “मागचा डावा,” त्या म्हणाल्या. “लाल.”

मग काकांनी हात खाली घेतला.

ते आत गेले. युनिफॉर्मचा शर्ट घालून बाहेर आले, बटणं नीट लावलेली. ड्युटी दुसऱ्या दिवशीची होती. “लॉबीत सांगून येतो,” ते काकूंना म्हणाले. “उद्याच्या गाडीवर दुसरा मानूस लागंल. आत्ता सांगितलं तर त्यांना सोय करता येईल.” फ्रिजची पिन त्यांनी स्वतः लावली. पंखा लावला. घड्याळ तसंच उशीखाली राहिलं.

दारात चपला घालताना त्यांनी मान वळवली. माझ्या तोंडाकडे नेहमीसारखं टक लावून बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, ‘उठ, जा वर, सामान भर.’

“पत्रकवाली,” ते म्हणाले. “स्टेशनापातूर चल संगं. माझ्या डाव्या अंगानं चाल.”